नवी छोटी जेटं येणार म्हणे, केबिन कशी असावी? (फॉर्म भरायचाय, मदत करा)

चिकलठाणा_रॅम्प

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायला कारण झालंय. कंपनीचं नाव घेत नाही, कोणी ओळखलंच तर पोटात ठेवा.

ऑफिसातून एक फॉर्म आलाय. एटीआरच्या (आपलं पंख्याचं विमान) जोडीला प्रादेशिक जेट घ्यायचं चाललंय, एम्ब्रेयर ई-१७५ च्या घरातलं, आणि आत सीटा कशा मांडायच्या याबद्दल आमच्यासारख्या खालच्या लोकांचं मत हवंय. पर्याय तीन. एक, ७६ जागा, त्यातल्या १२ बिझनेस आणि ६४ इकॉनॉमी. दोन, ७६ च, पण सगळ्या इकॉनॉमी, पाय जरा ऐसपैस. तीन, ८८, म्हणजे त्या विमानात जितक्या बसतात तितक्या. खाली "इतर सूचना" म्हणून एक चौकट आहे, २५० अक्षरांची.

मी बारा वर्षं चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, रॅम्पवर (विमान उभं राहतं ती जागा) आहे. आधी लोडिंगला होतो, आता शिफ्ट बघतो. माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: पायांचं नंतर बघू, आधी डोक्यावरचं बिन बघा. तासाभराच्या फ्लाइटला गुडघा घासला तर माणूस घरी जाऊन विसरतो. पण बॅग वर बसली नाही की दारात माणसं तुंबतात, मग आम्हाला हाक येते. गेट टॅग लावा, शिडीवरून बॅगा उतरवा, बंद केलेलं होल्ड (सामानाचा कप्पा) परत उघडा. २५ मिनिटांच्या टर्नअराउंडचे (विमान येऊन परत निघेपर्यंतचा वेळ) ३८ होतात आणि उशिराचं खापर रॅम्पवर.

गेल्या मे मधली गोष्ट. दुपारची हैदराबाद, एटीआर. केबिनमध्ये केशर आंब्याच्या अकरा पेट्या. अकरा! पुठ्ठ्याच्या, सुतळी बांधलेल्या. आडवी घातली तर बिनमध्ये जात नाही, तिरकी घातली तर झाकण लागत नाही. खाली देतो म्हणलं तर आजोबा पेटीवर हात ठेवून, "नको साहेब, दबंल माल." एवढ्यात एकीची सुतळी सुटली आणि तीन आंबे घरंगळत मागच्या गॅलीपर्यंत (खाण्यापिण्याचं सामान ठेवतात तिथं) गेले. क्रूमधल्या पोरीनं एक पायानं अडवला, फुटबॉलसारखा.

तेव्हापासून मनात आहे की नव्या विमानात ही पेटी कुठं बसणार. पेटीचं नेमकं माप कोणाकडे आहे का? इंचात चालेल.

सबलोड_सम्राट

पहिला! चहा घेऊन बसतो, चालू द्या.

गॅलीतली_ताई

रॅम्पदादा, तो आंबा अडवणारी मी नव्हते, पण असे आंबे मीही अडवलेत.

बिनचं मान्य. पण "गुडघ्याचं नंतर बघू" हे रॅम्पवर उभं राहून म्हणणं सोपं आहे. त्या गुडघ्यांच्या मधून ट्रॉली आम्ही नेतो. जागा दाटीच्या झाल्या की माणूस पाय आत घेऊच शकत नाही, तो बाहेर पॅसेजमध्ये काढतो. मग ट्रॉली त्याच्या घोट्यावर, आणि तक्रार आमच्या नावावर.

आणि मुख्य गोष्ट फॉर्ममध्ये कुठेच नसणार. आपल्याकडे ५० सीटांपर्यंत एक क्रू, ५१ ते ९९ ला दोन, १०० झाल्या की तिसरी. म्हणजे ७६ ला पण दोघीच आणि ८८ ला पण दोघीच. वाढलेल्या बारा जणांचं पाणी, कचरा, बेल, उलटीची पिशवी सगळं त्याच चार हातांत. ऑफिसला बारा तिकिटं दिसतात. आम्हाला हैदराबादच्या पन्नास मिनिटांत सर्व्हिसला मिळणारी वीस-बावीस मिनिटं दिसतात.

मी ईआरजे-१४५ वर पण काम केलंय. ५० सीटा, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. पॅसेंजरला एकटी खिडकी फार आवडते. पण केबिनची उंची १.८२ मीटर, म्हणजे सहा फुटाला टेकलेली. आमच्यातला एक उंच मुलगा दिवसभर मान वाकवून काम करायचा, संध्याकाळी आयोडेक्स. आणि बिन फक्त दोन सीटांच्या बाजूला, एकट्या सीटवाल्याच्या डोक्यावर काहीच नाही. तो बॅग घेऊन समोरच्याच्या डोक्यावर येणार, समोरचा म्हणणार "ही आमची जागा". रोजचं भांडण, मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही भाषांत.

ई-१७५ ला उंची दोन मीटर आहे. एवढ्यासाठीच माझं मत विमानाला आहे, मांडणीचं नंतर.

परभणीकर

जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि ड्युटी नांदेडला. चेक-इन काऊंटर.

हे १२ बिझनेसचं कामून बरं? आमच्या रांगेत उभं राहून बघा एकदा. पंजाबहून हजूर साहिबला आलेली मंडळी, घोळक्यानं येतात, वीस-पंचवीसचा जत्था. त्यांना एकत्र बसायचं असतं, बिझनेस नको असतं. निम्म्याला व्हीलचेअर. सोबत प्रसाद, सिरोपे, कडे, आणि कृपाण. कृपाणाचं माप आम्हाला आता पाठच झालंय: देशांतर्गत फ्लाइटला एकूण ९ इंच, पातं ६ इंच, त्याच्या आत असेल तर अंगावर चालतं. त्याच्यावर असेल तर चेक-इन बॅगेत. ते समजावून सांगण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात निम्मं विमान चेक-इन होतं.

२०१७ ला उडान (छोट्या गावांना स्वस्त विमानसेवा द्यायची सरकारी योजना) चालू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद होतं, सिमल्याच्या आणि कडप्प्याच्या जोडीला. तेव्हा एटीआर यायचं. लोकं विमानापुढं उभं राहून फोटो काढायची. आज तीच लोकं म्हणतात, "पुढची सीट द्या, मागं लई हलतं."

ट्रिमशीट

लातूरचा, नोकरी हैदराबादला, लोड कंट्रोल. (लातूरला धावपट्टी आहे, रोजचं विमान नाही, त्यामुळे आम्ही परगावच्या धावपट्ट्यांची वजनं काढतो.)

परभणीकर, एक आठवण करून देतो. "पुढची सीट" एटीआर-७२ मध्ये ज्येष्ठांना देता येत नाही. लोक मागच्या दारानं चढतात, आपत्कालीन दारं पुढं पहिल्या रांगेपाशी आहेत. तिथं धडधाकट माणूसच लागतो.

आता मुद्दा. फॉर्ममधला ८८ चा आकडा कागदावरचा आहे. मे महिन्यात दुपारी दोनला आपल्याकडे पारा ४३ ला असतो. हवा तापली की विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो. त्यात चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर. त्या दिवशी, त्या वाऱ्याला, त्या धावपट्टीवरून किती वजन उचलता येईल हे तक्त्यात बघून ठरतं. लांबच्या सेक्टरला इंधन जास्त, म्हणजे बाकीच्या वजनाला कात्री. मग आधी कार्गो उतरतं, मग बॅगा मागं राहतात, आणि तरी जमलं नाही तर माणसं. ८८ विकून सगळ्यांना नेता आलं नाही तर काऊंटरवर शिव्या खायला परभणीकर आहेतच.

तीन रांगांचा हिशेब पण बघा. दोन-दोनच्या मांडणीत ७६ म्हणजे १९ रांगा, ८८ म्हणजे २२. विमान लांब होत नाही. तीन रांगांची जागा थोडी गुडघ्यातून येते, थोडी गॅलीतून, थोडी कपाटातून.

खिडकीची_सीट

मी एअरलाइनवाला नाही, वाळूजला एका कारखान्यात आहे, महिन्यातून दोनदा उडतो. बोललं तर चालेल ना?

तुम्ही लोक "पिच ३०, पिच ३१" म्हणता ते नेमकं काय? वेबसाइटवर ३० इंच लिहिलेलं असतं आणि माझ्या गुडघ्यापुढं चार बोटं पण नसतात. आणि मागच्या महिन्यात खिडकीचे जादा पैसे घेऊन मला भिंतीशेजारी बसवलं. खिडकी अर्धी पुढच्याला, अर्धी मागच्याला. जायकवाडीचं पाणी बघायला मी मान मोडून घेतली.

पाना_पक्कड

बोला की साहेब, तिकीट काढणारा तर तुम्हीच.

पिच म्हणजे पुढच्या सीटवरच्या एका बिंदूपासून तुमच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात सीटची पाठ किती जाड आहे हे धरलेलंच असतं. म्हणून जुन्या फोमच्या जाड सीटला ३१ आणि नव्या पातळ सीटला २९ यात गुडघ्याला कधीकधी एकसारखीच जागा मिळते. मासिकाचा कप्पा गुडघ्यापाशी न ठेवता वर ट्रेच्या मागं नेला की अजून बोटभर सुटते. पातळ सीटचा तोटा दुसराच, दीड तासानंतर मागच्याचा गुडघा तुमच्या पाठीत कळतो.

खिडकीचं असं आहे की खिडक्या कारखान्यात विमानाच्या सांगाड्यात बसतात आणि सीटा खालच्या रुळावर, इंच इंच सरकवता येतात. रांगा वाढवल्या की सीट आणि खिडकी यांची जोडी तुटते. तुमच्यासारखा एकजण प्रत्येक फ्लाइटला सापडतोच.

मी मेंटेनन्सला आहे, म्हणून एक तांत्रिक गोष्ट. ई-१७५ ला पंखावर आपत्कालीन दारं नाहीत. चारच दारं, दोन पुढं, दोन मागं. ई-१९० आणि १९५ ला पंखावर आहेत. त्यामुळे ए-३२० मध्ये मधल्या एक्झिट रांगेत मिळणारी ऐसपैस जागा इथं नसते. ती विकून जादा पैसे कमावू असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं असेल, तर त्यानं विमान आतून पाहिलेलं नाही.

गॅलीतली_ताई

पाना_पक्कड यांनी दारांचा विषय काढला म्हणून. विमानाला परवाना मिळताना निम्मी दारं बंद धरून सगळे ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत, असा नियम आहे. ती चाचणी निवडलेल्या, चालत्याफिरत्या लोकांवर होते. आमच्या नांदेडच्या फ्लाइटला बारा व्हीलचेअर असतात. मी सीटांची संख्या ऐकली की आधी ते बारा चेहरे डोळ्यांपुढं येतात.

माझं माहेर मुकुंदवाडीचं. २६ एप्रिल १९९३ ला मी सहा वर्षांची होते. इंडियन एअरलाइन्सचं ४९१, चिकलठाण्याहून उडालं आणि बीड रोडवर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ गेले. वडील गच्चीवर गेले होते धूर बघायला आणि आम्हाला वर येऊ दिलं नाही, एवढंच आठवतं. तो जास्त सीटांचा अपघात नव्हता. चौकशीत ठपका आला तो नाक उशिरा उचलण्यावर आणि रस्त्यावरची वाहतूक न थांबवण्यावर. तरी ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा दार उघडायची प्रॅक्टिस केली तेव्हा माझ्या डोक्यात तोच धूर होता.

असो. अवांतर झालं.

चिकलठाणा_रॅम्प

ताई, अवांतर नाही हो. आम्ही त्या टोकाला रोज उभे असतो.

डॅलसचा_लातूरकर

ट्रिमशीट, आपण गाववाले! मी इथं अमेरिकेत एका प्रादेशिक एअरलाइनला गेट एजंट आहे, सात वर्षं. ई-१७५ म्हणजे आमच्याकडे एसटीसारखं, जिकडं बघावं तिकडं.

७६ चा आकडा तुमच्या ऑफिसनं कुठून आणला ते सांगतो. तो माणसाच्या सोयीचा आकडाच नाही. इथल्या मोठ्या एअरलाइन्सचे त्यांच्या पायलट संघटनांशी करार आहेत, स्कोप क्लॉज म्हणतात. छोट्या भागीदार कंपन्यांनी ७६ पेक्षा जास्त सीटांचं आणि ८६,००० पौंडांपेक्षा जड विमान उडवायचं नाही, नाहीतर मोठ्या विमानांच्या पायलटांच्या नोकऱ्या जातील. म्हणून इथं १२ फर्स्ट आणि ६४ इकॉनॉमी. फर्स्टमध्ये एका बाजूला एक, दुसरीकडे दोन. एम्ब्रेयरनं याच विमानाची नवी आवृत्ती काढली, ई-१७५-ई२, ती या वजनात बसेना, म्हणून इथं अजून जुनंच ई-१७५ विकत घेतात. भारतात ही अट नाही, तरी आकडा तोच. इथलं सेकंड हँड विमान घेतलं की आतल्या सीटा तशाच येतात, बदलायला खर्च. नांदेडला २०२४ मध्ये स्टार एअरचं ई-१७५ सुरू झालं त्यातही १२ आणि ६४ च.

रॅम्पदादा, तुमच्या बाजूनं एक दाखला देतो. इथं सीआरजे-५५० नावाचा प्रकार आहे. मूळ सत्तरेक सीटांचं सीआरजे-७००, त्यातल्या सीटा काढून ५० च ठेवल्या. १० फर्स्ट, ४० इकॉनॉमी, आणि मोकळ्या झालेल्या जागेत चक्क बॅगांची कपाटं. गेटवर बॅग काढून घ्यायची भानगडच नाही. मी गेटवर उभा असतो, मला विचारा सुख काय असतं. अर्थात हेही त्याच क्लॉजच्या पोटात ५० ची मर्यादा सांभाळायला केलेलं, बॅगांवरच्या प्रेमापोटी नाही.

सबलोड_सम्राट

स्टाफ तिकिटावर जाणाऱ्यांचा (सीट उरली तरच बसवतात) आवाज कोणीतरी उठवा. आमचं नशीब फ्लाइट बंद व्हायच्या क्षणी ठरतं. ८८ सीटा म्हणजे बारा जास्त आशा! मी तिसऱ्या पर्यायाला मत दिलंय, निर्लज्जपणे.

ट्रिमशीट

सम्राट, ४३ डिग्रीला पहिलं नाव तुमचंच कटतं. मीच कापतो.

सबलोड_सम्राट

मग १२ बिझनेस ठेवा. त्या रिकाम्या राहतात, मी बसतो.

परभणीकर

हाच तर मुद्दा आहे राव! रिकाम्या राहतात.

सिडको_एन५

रिकाम्या राहतात हे सगळीकडे खरं नाही. मी ट्रॅव्हल एजंट आहे, तीस वर्षं. संभाजीनगरहून पुढची सीट मागणारे लोक आहेत. जालन्याचे स्टीलवाले आणि बियाणेवाले, शेंद्र्याच्या कंपन्यांचे परदेशी पाहुणे, खंडपीठात केस चालवायला मुंबईहून येणारे मोठे वकील. त्यांना बिझनेसच्या सीटपेक्षा वेळ हवी असते. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सकाळी सहाची फ्लाइट द्या, लाकडी बाकावर बसून जातील. दुपारी अडीचला सोफा दिला तरी येणार नाहीत.

आणि उडानच्या मार्गावर निम्म्या सीटा ठरलेल्या भाड्याच्या आत विकायच्या असतात, जास्तीत जास्त ४०. ७६ ची निम्मी ३८. उरलेल्या ३८ मधून कंपनीला पोट भरायचंय. तिथं बारा सीटांना जादा भाडं मिळालं तर बाकीच्यांना स्वस्त ठेवता येतं, हे ऑफिसचं गणित अगदीच चुकीचं नाही.

गॅलीतली_ताई

काका, गणित बरोबर असेल. पण त्या गणितात पडदा पण येतो. पुढं बिझनेस झालं की पुढचं टॉयलेट त्या बारांचं आणि मागचं एक चौसष्टांचं. तुम्ही पडद्यापाशी उभं राहून एखाद्या सत्तरीच्या सरदारजींना "बाबाजी, पीछे जाइए" म्हणून दाखवा. मी एकदा म्हणाले. ते मुकाट्यानं वळले, मागं सहा जणांची रांग होती, आणि सीटबेल्टचा दिवा लागला. नंतर काय झालं ते लिहीत नाही. त्या दिवसापासून मी पडदा लावते, पण अडवत नाही. कोणाला वर कळवायचं ते कळवा.

पाना_पक्कड

ताई, सलाम.

एक सगळे विसरताय. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं जादाचं छोटं इंजिन, नसतं. जमिनीवर गार हवा हवी तर उजवं इंजिन पंखा ब्रेकनं अडवून चालू ठेवावं लागतं, "हॉटेल मोड". ते नाही केलं किंवा बाहेरचं युनिट जोडलं नाही, की मे मध्ये आत भट्टी. लोक सेफ्टी कार्डानं वारा घेतात, कार्डांचे कोपरे बघा कसे झालेत. जेटला एपीयू आहे, लोक चढायच्या आधीच केबिन गार करता येते. (एपीयू चालू असेल तर! तेल जळतं म्हणून बंद ठेवा असंही पत्रक येऊ शकतं.) मराठवाड्यात केबिनची पहिली निवड कोणती विचाराल तर मी म्हणेन गार हवा.

चिकलठाणा_रॅम्प

हे मात्र पटलं. पण जेटची दुसरी बाजू सांगतो. एटीआरचं दारच उघडून शिडी होतं, चार-पाच पायऱ्या. ई-१७५ ची चौकट उंच, बाहेरची शिडी लावावी लागते. व्हीलचेअरवाल्याला अँब्युलिफ्ट (खुर्चीसकट दारापर्यंत उचलणारी गाडी). ती आली तर ठीक.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या कंपनीच्या जेटला मदतीला गेलो होतो. एक आजी, साठ-पासष्ट किलो, दोन्ही गुडघे गेलेले. लिफ्ट बंद पडली. मग अरुंद आयल चेअरवर पट्ट्यांनी बांधून आम्ही चौघांनी शिडीवरून चढवलं, वरून भुरभुर पाऊस. आजी डोळे मिटून "विठ्ठल विठ्ठल". दारात पोचलो तर आत पॅसेजमध्ये खुर्ची सीटांच्या हातांना घासते, सरळ जाते पण वळत नाही. त्यांची सीट होती १४ वी रांग! कोणी दिली होती देव जाणे. पुढं पहिल्या तीन रांगा बिझनेसच्या, रिकाम्या. मी क्रूकडे बघितलं, क्रूनं माझ्याकडे. आजींना तिथंच बसवलं. खाली उतरल्यावर एक साहेब विचारायला आले, कोणाच्या परवानगीनं. मी म्हणलं पावसाच्या.

म्हणून वर जे लिहिलं, की आधी बिन मग पाय, ते थोडं मागं घेतो. वर जाणारा आर्मरेस्ट पहिल्या तीन-चार रांगांना हवाच, पॅसेजच्या बाजूला. माणूस बाजूनं सरकत आत जातो, उचलावा लागत नाही.

परभणीकर

रॅम्पदादा, हे त्या २५० अक्षरात लिहा. बाकी राहू द्या.

डॅलसचा_लातूरकर

+१. काही सीटांना तो आर्मरेस्ट वर जातोच, खाली बिजागरीपाशी एक लपलेली कळ असते. अर्ध्या स्टाफला माहीत नसते. मलाही तीन वर्षांनी एका व्हीलचेअरवाल्या पॅसेंजरनंच दाखवली.

खिडकीची_सीट

काय सांगता? म्हणजे माझ्या बरगडीत रुततो तो पण वर जाऊ शकतो?

पाना_पक्कड

जाऊ शकतो. टेक-ऑफ आणि लँडिंगला खाली ठेवा, नाहीतर ताई येतील.

सिडको_एन५

एक जोड. दोन-दोनच्या मांडणीत मधली सीट नाही, हे माझं गिऱ्हाईक आता ओळखायला लागलंय. परवा एक बाई म्हणाल्या, "ते मधली नसलेलं विमान द्या." ऑक्टोबर २०२५ मध्ये एचएएलनं रशियाच्या यूएसी या विमान कंपनीबरोबर एसजे-१०० हे प्रवासी जेट इथं बनवायचा सामंजस्य करार केलाय. त्याच्यात तीन-दोन अशी मांडणी असते, म्हणजे एका बाजूला मधली सीट आलीच. बाईंना तेव्हा काय सांगायचं बघू.

ट्रिमशीट

तोपर्यंत बाईंचं वजन मी काढून ठेवतो, कागदावर. सरासरीचं हो, भलतं समजू नका.

चिकलठाणा_रॅम्प

फॉर्म भरला. दुसरा पर्याय टाकला, ७६ सगळ्या इकॉनॉमी. सिडको काकांना वाईट वाटेल, पण पडद्याची गोष्ट वाचून माझा हात पहिल्या पर्यायावर जाईना. चौकटीत लिहिलं ते असं: "पहिल्या चार रांगांना पॅसेजकडचा आर्मरेस्ट वर जाणारा हवा. दोन्ही टॉयलेट सगळ्यांना. बिन असं की ५५ बाय ३५ बाय २५ सेंमीची बॅग चाकं आत करून बसेल. एपीयू बंद ठेवण्याचं पत्रक मार्च ते जून काढू नये." शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं.

आंब्याच्या पेटीचं तेवढं राहिलं. माप नसल्यामुळं लिहिता आलं नाही.

सिडको_एन५

वाईट कशाला वाटेल? मी एजंट आहे, जे येईल ते विकतो.

पेटीचं माप घ्या. आज सकाळी जाधववाडीच्या बाजारात गेलो होतो, मुद्दाम टेप नेला. व्यापारी विचारत होता, बॉक्स बनवायचेत का. पाच किलोची पेटी, लांबी १५ इंच, रुंदी ११, उंची साडेपाच. सुतळीची गाठ धरून सहा.

चिकलठाणा_रॅम्प

काका, जोरदार! म्हणजे ३८ बाय २८ बाय १५ सेंमी. केबिन बॅगेच्या मापात आरामात बसते. मग एटीआरच्या बिनमध्ये का जात नव्हती?

गॅलीतली_ताई

कारण त्या दहा किलोच्या होत्या, दादा. पाच किलोची मी रोज सीटखाली सरकवते.

चिकलठाणा_रॅम्प

दहाच्या होत्या? मग ७ किलोच्या केबिन मर्यादेत काऊंटरवरून वर आल्या कशा?

परभणीकर

मी नांदेडला असतो. माझ्याकडं बघू नका.